लेकरांची वाटणी

आमच्या घरी लेकरांची वाटणी झाली तेव्हा मी ओसरीच्या कडेला अंबाडीची भाजी निवडत बसले होते. मायनेच मला बसवलं होतं. माझे हात गुंतलेले राहावेत आणि मी पंचांच्या तोंडाकडे टकामका पाहू नये, एवढाच तिचा हेतू. दुसरबीडपासून थोडं आत आमचं गाव, आणि तिथे भावकीतले चार बाप्ये जमले की ते पंच होत. त्यांच्यातले मोठे तात्या. मोठे म्हणजे वयाने आणि पोटाने. बाला, म्हणजे माझ्या बापाला, दुसरी बायको करायची होती हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. पंचांपुढे मात्र तो "पटत नाही" एवढंच म्हणाला, आणि पंचांनी गंभीर चेहऱ्याने माना हलवल्या. मायला कोणी काही विचारलं नाही. तिने चहा करून आणला, तो सगळ्यांनी बशीत ओतून फुर्रफुर्र करत प्यायला. तो आवाज मला अजून सहन होत नाही. माझ्या घरी कोणी बशीत चहा ओतला की मी उठून आत जाते, आणि माझी लेक पाहुण्यांची माफी मागत बसते.

चहा झाल्यावर तात्यांनी कडब्याची एक काडी घेतली, तिचं एक टोक मायच्या हातात दिलं, दुसरं बाच्या, आणि मोडा म्हणाले. काडी मोडली. आमच्याकडे फारकत अशी होते. मग बाने सिंदखेडराजाहून आधीच टाइप करून आणलेला बाँड काढला. म्हणजे काडी मोडायच्या आधीच सगळं ठरून छापून झालं होतं. त्यात लिहिलं होतं की दोघं राजीखुशीने वेगळे होत आहेत, पोरगा बापाचा आणि पोरगी मायची, आणि माय स्वतःसाठी किंवा पोरीसाठी कधीही खावटी, म्हणजे पोटगी, मागणार नाही. माय सातवी शिकलेली, झोकदार सही करायची. तरी तिचा अंगठाच घेतला, कारण तात्यांच्या मते अंगठा पक्का असतो. ताटंवाट्या वाटाव्यात तशा आवाजात त्यांनी सगळं वाचून दाखवलं. दीपक, माझा धाकटा भाऊ, तेव्हा पाच वर्षांचा होता आणि त्याला मुद्दाम शेजारच्या आळीत खेळायला धाडलं होतं. आम्ही निघालो तेव्हा तो घरी नव्हता. निवडलेली अंबाडी तशीच सुपात राहिली. ती पुढे कोणी शिजवली असेल आणि कोणी खाल्ली असेल, हे मी कितीतरी दिवस मनात चडफडत विचारत होते.

मेहकरच्या अलीकडे मामाचं गाव. मामाने गोठ्याला लागून एक पडवी दिली आणि तेवढ्यावर आमचा संसार सुरू झाला. मामी वाईट नव्हती. तिला तिचीच लेकरं पुरेशी होती, आणि आमच्या चुलीचा धूर तिच्या घरात जायचा म्हणून ती दिवसभर खोकून दाखवायची. सकाळी गाईच्या गळ्यातली घंटा, मागच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचा टुकटुक आवाज आणि मायच्या भाकरीची थपथप, एवढ्यावर मला जाग यायची. भाकर, बेसनाचं चून, लाल मिरचीचा ठेचा, तुरीच्या हंगामात हिरव्या दाण्यांची आमटी. माय दिवसभर लोकांच्या कापसात वेचणीला जायची. रात्री बोटांच्या टोकांना खोबरेल लावायची, कारण सुकलेल्या बोंडांची टोकं सुईसारखी लागतात. जेवताना मात्र ती तिसरा घास हातात धरून थांबायची. दीपकला भाकरीचा पापुद्रा काढून द्यावा लागे, तो तिकडे कोणी काढून देत असेल का, हे तिच्या मनात असायचं. ती बोलून दाखवायची नाही. मला ते दिसायचं आणि संताप यायचा, कारण तिच्या समोर मी बसलेली असायचे.

बाँडात भेटीगाठीचं काहीच नव्हतं. तात्यांनी तोंडी उदारपणा केला होता, की आठवडी बाजारात माय पोराला लांबून पाहू शकते. आणि मायने ते पाळलं. याचाच मला राग येतो, आजही येतो. दुसरबीडच्या बाजारात ती शेव-फुटाण्याच्या दुकानापाशी उभी राहायची, दीपकसाठी पुडीत गोडीशेव बांधून घ्यायची. बा दीपकच्या मानेवर हात ठेवून पुढून जायचा. त्याची मर्जी असली तर पुडी दिली जायची, नसली तर माय ती परत आणायची आणि मला खायला द्यायची. मला गोडीशेव फार आवडायची, आणि ती मी रागाने खायचे. मायला खरंच वाटत होतं की अंगठा उठवला म्हणजे तिचं लग्न संपलं, पोरावरचा हक्क संपला, मागायचं तोंड संपलं. तिलाच नव्हे, मामाला, मामीला, गावाच्या मास्तरांनाही तसंच वाटत होतं. स्टॅम्पपेपरवर सरकारचा शिक्का असतो, म्हणजे त्यावर लिहिलेलं सरकारला मान्य असणार, अशी आमच्या भागातली समजूत. कोर्टाची पायरी न चढता सुटका झाली म्हणून लोक वर पंचांना दुवा द्यायचे.

ती बीटी कपाशी आल्याची वर्षं होती. चमकदार पुड्यांमधलं महाग बियाणं, त्याला अळी लागत नाही असं जो तो सांगायचा. आमच्या हलक्या मुरमाड रानात पाऊस ओढला की ते झाड पाती, म्हणजे कळ्या, टाकून उभं राहायचं, आणि मग खत, फवारणी, पुन्हा फवारणी. पाठीवरच्या पंपांचा वास गावभर भरलेला असायचा. घरं खचली, काही माणसं गेली, त्यांच्या बायकांच्या हकिगती मायसोबत वेचणीला येणाऱ्या बायका काम करता करता सांगायच्या. या सगळ्यात एक धंदा मात्र तेजीत होता, तो म्हणजे हेच बियाणं तयार करायच्या प्लॉटचा. प्लॉटवर कपाशीचं लग्न हाताने लावावं लागतं. उद्या उमलणारी कळी आज दुपारून नखाने सोलायची, आतले नराचे दाणे काढून टाकायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून तिच्या स्त्रीकेसरावर घासायचं आणि देठाला दोरा बांधायचा. नख चुकलं की कळी गळाली. म्हणून लहान पोरींची बोटं लागतात. शिवाय झाडाच्या उंचीची पोरगी असली की तिला वाकावं लागत नाही, असं प्लॉटवाले अगदी कौतुकाने सांगायचे. जनावराच्या बाजारात दात पाहतात, तसे ते पोरींचे हात पाहायचे.

मी सुट्टीत मामाच्या शेजाऱ्याच्या प्लॉटवर जाऊ लागले आणि माझा हात चांगलाच बसला. माझ्या कळ्या गळत नसत. त्याचा मला अभिमान वाटायचा, कारण अंगात दुसरं काही कौतुकासारखं आहे असं तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं. तिकडे बासुद्धा प्लॉट धरून बसला होता, नुसता धरून नव्हे, आसपासच्या शेतकऱ्यांना प्लॉट मिळवून देणारा मधला माणूस झाला होता. मोटारसायकल आली होती, मनगटात घड्याळ आलं होतं. माझ्या हाताची कीर्ती कोणीतरी त्याच्या कानावर घातली. दोन वर्षांत त्याने माझं नाव काढलं नव्हतं. मी पास झाले की नापास, मला ताप आला की गोवर, त्याला काही सोयरसुतक नव्हतं. आषाढात, कपाशी गुडघ्याला लागायच्या आधी, तात्या आणि आणखी एक पंच मामाच्या ओसरीवर येऊन बसले.

पुन्हा चहा झाला. मग तात्या म्हणाले की बाचं मन लेकीसाठी तुटतं. तो पोरगी मागतो. आणि तो काही फुकट मागत नाही, बदल्यात पोरगा द्यायला तयार आहे. पोरगा देतो म्हणजे किती मोठं मन बघा, असं त्यांनी मामाला दोनदा समजावलं. पोरगी आता हाताखाली आली आहे, तिचा तिकडे उपयोग होईल, तुमच्या डोक्यावरचा लग्नाचा भारही जाईल. मामाने मायकडे पाहिलं. मामी खोकायची थांबली. मी पडवीच्या दारात उभी होते आणि मायच्या तोंडाकडे बघत होते. ती उठली, आत गेली, पिठाचा डबा उघडला आणि भाकरी थापायला बसली. एक झाली, दुसरी झाली. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला स्वच्छ कळत होतं. दीपक चुलीपुढे बसला आहे, ती त्याला पापुद्रा काढून देते आहे, हे ती डोळ्यांपुढे पाहत होती. तितका वेळ मी जगात कुठेच नव्हते. मी तिच्यावर जितकी चिडले तितकी बापावरही कधी चिडले नसेन. पुढे मी आई झाले आणि तो वेळ मला समजला. समजला म्हणून राग गेला असं काही झालं नाही.

मग ती पिठाच्या हातांनीच ओसरीवर आली.

"बदल्यात नाही," ती म्हणाली. "दोन्ही लेकरं माहे हायेत. एक देऊन दुसरं मी घेत नाही."

तात्यांनी तिला बाँडाची आठवण करून दिली. अंगठा कोणाचा आहे, असं विचारलं. पंचांचा शब्द मोडला तर भावकीत भाकर बंद होईल, वाळीत टाकू, हेही ऐकवलं. भाकर तर बंदच होती, तेव्हा या धमकीवर मामासुद्धा हसला. जाताना तात्या म्हणाले की बा कोर्टात जाऊन पोरगी उचलून नेईल, बापच खरा मालक असतो. कोर्टाची धमकी त्यांनी दिली, हे एक बरं झालं. तोवर कोर्ट आपल्यासाठीही असतं हे मायच्या डोक्यात आलंच नव्हतं.

मेहकरला शेख वकीलबाई होत्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, एका पायाने किंचित लंगडणाऱ्या. त्यांच्या खोलीखाली रसवंती होती, त्यामुळे कायद्याचं सगळं आम्ही घुंगरांच्या छनछन आवाजात ऐकलं. मायने बाँड पुढे ठेवला. बाईंनी तो वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हा कागद तुमी चुलीत घातला तरी चालते," त्या म्हणाल्या. "पन घालू नका, मले कोर्टात दाखवाले लागते."

मग त्यांनी हळूहळू उलगडून सांगितलं. काडी मोडायची रूढी समाजात असली तरी ती कोर्टात साक्षीपुराव्याने सिद्ध करावी लागते, नुसत्या बाँडाने लग्न मोडत नाही. म्हणजे माय अजून बाची बायको होती, आणि त्याने घरात आणलेल्या दुसरीचं लग्नच अधांतरी होतं. लेकरांची खावटी हा लेकरांचा हक्क. आईला तो अंगठ्याने काय, रक्ताने लिहूनसुद्धा सोडता येत नाही, कारण तो तिचा नाहीच. कायद्याच्या पुस्तकात बापाचं नाव पालक म्हणून आधी लिहिलंय हे खरं, पण लेकरू कोणाच्या ताब्यात द्यायचं हे कोर्ट लेकराचं भलं कशात आहे ते पाहून ठरवतं, आणि लेकरू कळतं असलं तर त्यालाही विचारतं. पंचांनी केलेली वाटणी कोर्टाला बांधत नाही. माय हे सगळं हुं हुं करत ऐकत होती. मला वाटलं तिला आनंद होईल. ती एकदम ताठ झाली आणि म्हणाली, "दोन वर्सं मी माह्या पोराले बाजारात पाह्यलं, बाई. काऊन पाह्यलं मंग?" शेखबाईंनी खालून उसाचा रस मागवला. माय तो प्यायली नाही.

खावटीचा अर्ज मेहकरच्या कोर्टात, लेकरांच्या ताब्याचा बुलढाण्याच्या. कायदा गरिबाच्या बाजूचा आहे म्हणणाऱ्यांनी एकदा लेकराला काखोटीला मारून या दोन गावांच्या एस.ट्या धरून बघाव्यात. तारखा पडत गेल्या. कधी साहेब रजेवर, कधी बाचा वकील आजारी. मेहकरच्या कोर्टात बा विटका सदरा घालून आला, घड्याळ काढून ठेवलेलं, दाढी वाढवलेली. कपाशी बुडाली, पावसाने दगा दिला, अळीने खाल्लं, मीच कुठल्या दिवशी जीव देईन सांगता येत नाही, असं तो रडक्या आवाजात म्हणाला. ज्यांची कपाशी खरोखर बुडाली होती, त्यांच्या बायका मायबरोबर वेचणीला होत्या. त्यांचं दुःख माझ्या बापाने खावटी चुकवायला उसनं आणलं होतं. माणूस किती खाली उतरू शकतो याची माझी मोजपट्टी त्या दिवशी तयार झाली. आणि बुलढाण्याला हाच माणूस इस्त्रीच्या कपड्यात उभा राहून सांगत होता की घर पक्कं आहे, प्लॉटचं उत्पन्न चांगलं आहे, दोन्ही लेकरांना मी इंग्रजी शाळेत घालीन. शेखबाईंनी दोन्ही कोर्टांतली त्याची जबानी एकामागून एक वाचून दाखवली आणि खाली बसल्या.

मग जज्जसाहेबांनी आम्हां दोघां लेकरांना त्यांच्या खोलीत बोलावलं. मोठे कोणी नाहीत, वकीलही नाहीत. टेबलावर बिस्किटांची बशी होती. दीपक सात वर्षांचा झाला होता, केस चापून बसवलेले, आणि माझ्याकडे तो पाहुण्याकडे पाहावं तसं पाहत होता. साहेबांनी मला आधी विचारलं. मी प्लॉटचं सांगितलं, शाळेचं सांगितलं, बाला मी कशासाठी हवी आहे तेही सांगितलं आणि बोटं पुढे करून दाखवली. मग त्यांनी दीपकला विचारलं, बाळा, तुला कोणाकडे राहायचंय.

"बाच्याकडं," दीपक म्हणाला. "मायले मी नको हाये."

असं कोणी सांगितलं, साहेबांनी विचारलं.

"बानं. तिले इचारलं व्हतं ना, पोरगा घेतं का म्हून. ते नाही म्हनली."

हे धादांत खोटं असतं तर मी तिथेच खोडून काढलं असतं. पण विचारलं होतं हे खरं होतं, आणि माय नाही म्हणाली होती हेही खरं होतं. तेवढं खरं उचलून बाने सात वर्षांच्या पोराच्या हातात दिलं होतं. मी साहेबांना म्हणाले की याला अर्धंच सांगितलंय. याच्या बदल्यात त्यांनी मला मागितलं होतं. दीपकने हातातलं बिस्कीट बशीत परत ठेवलं.

बाहेर व्हरांड्यात बा त्याचा हात धरून निघाला होता. मी मायला सांगितलं, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात, तात्या साक्षीला आले होते त्यांनाही ऐकू जाईल असं. माय धावत पुढे गेली आणि दीपकसमोर खाली बसली. बाने त्याला मागे ओढायला पाहिलं, तर शेखबाई लंगडत येऊन मध्ये उभ्या राहिल्या.

"हाव, इचारलं व्हतं," माय म्हणाली. "मी नाही म्हटलं. ताईले देऊन तुले घ्याचं नव्हतं मले. तुले असाच घ्याचा हाये."

बा दीपकला मोटारसायकलवर पुढे बसवून घेऊन गेला. त्याला काही समजलं का, हे मायने मला वाटेत विचारलं, घरी विचारलं, आणि निकाल लागेपर्यंत विचारत राहिली. मला कुठे ठाऊक होतं. खावटी मंजूर झाली, ती मिळवायला पुन्हा अर्ज करावे लागले, ती वेगळी कटकट. ताब्याचा निकाल आला तो असा, की पोरगी मायकडेच राहील, पोरगा आधी सुट्ट्यांत येईल-जाईल आणि शाळेचं वर्ष संपलं की कायमचा मायकडे. बाला भेटायचे दिवस ठरवून दिले. त्याने त्यातले फारसे पाळले नाहीत. कायमचा आणायला आम्ही बुलढाण्याला कोर्टाच्या आवारात गेलो, कारण ताबा तिथेच द्यायचा ठरला होता. बा आमच्याकडे न बघता उभा होता. दीपकचं डोकं तेलाने चोपून बसवलेलं होतं, कपडे धुतलेले, पिशवीत घड्या नीट. ते त्या दुसरीने केलं असणार. तिच्यावर राग धरायला मला जमलं नाही.

एस.टी.त माय खिडकीशी बसली, दीपक मध्ये, मी कडेला. गाडी सुटेना. दीपक सारखा मागे वळून दाराकडे बघत होता. मला वाटलं बाची आठवण येते आहे. मग त्याने मायची बाही ओढली.

"आता माह्या बदल्यात कोन चाललं?" त्याने विचारलं.

"कोनीच नाही," माय म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याचा विश्वास बसला नव्हता. त्याने माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि गाडी हलली तरी सोडला नाही. मध्ये एका थांब्यावर मी पाणी प्यायला उठले, तर तो रडायला लागला, म्हणून मी तहानलेलीच बसले. मेहकरला उतरेपर्यंत माझा हात सुन्न झाला होता. ज्यांनी त्याला हा व्यवहार शिकवला त्यांतले तात्या केव्हाच गेले, गावाने त्यांची मोठी तेरवी केली, मला निरोप आला होता. मी गेले नाही.